गवती चहाचं नारळसूप

थायलंडमध्ये ‘तोम खा’ नावाचं नारळाच्या दुधाचं सूप करतात. ‘खा’ म्हणजे तिकडचा आल्यासारखा कंद. बहुधा त्यात कोंबडी आणि माशांचा खारट रस असतो. दोन्ही वगळले तरी वास जात नाही, कारण तो येतो कंद, गवती चहा आणि लिंबाच्या पानांतून. गवती चहा दारातल्या डब्यातही वाढतो. कंदाऐवजी आलं घ्या, चव थोडी बदलते एवढंच.

चौघांसाठी एक नारळ खवा. कपभर कोमट पाण्यात वाटून, पिळून जाड दूध बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात ३ कप पाणी घालून पातळ दूध काढा. त्यात ठेचलेला गवती चहा, आल्याच्या चकत्या, लिंबाची पानं, मिरची १० मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. मग भोपळा आणि मशरूम शिजवा. मशरूम बाजारातलेच घ्या. रानातलं विषारी अळंबं नुसतं पाहून ओळखू येत नाही. शेवटी जाड दूध मंद आचेवर. खळखळलं तर फुटतं. उतरवून लिंबू पिळा.

बायांनो, नारळाचं दूध पांढरं असलं तरी त्यात प्रथिनं फार कमी असतात. बाळाला दुधाऐवजी ते देऊ नका. सूपमध्येही उकडलेले हरभरे किंवा सोयाबीन वड्या घाला. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी जाड दूध टाळावं. रक्तदाब असेल तर मीठ हात राखून; दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. लिंबामुळे अळणी लागत नाही.

फ्रिज नसेल तर लागेल तेवढंच करा, नारळ लवकर आंबतो.