‘कोपरापर्यंत’ की ‘कोपरासह’?

चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांसाठी आम्ही वुजूचे एकपानी पत्रक लिहिले. छपाईपूर्वी ते पाच जणांना वाचावयास दिले आणि काही न बोलता त्यांचा वुजू पाहिला. ‘समजले का?’ असे विचारण्यात अर्थ नसतो. सगळेच होकार देतात. नमाजात घाई करणाऱ्या गृहस्थाला प्रेषितांनी (स.) तीनदा परत पाठविले, त्याची नमाज पाहिली आणि मगच शिकविले, असे सहीह बुखारीत आहे.

तिघांचे पाणी कोपराच्या अलीकडेच थांबले! अशाने वुजू अपुरा, मग नमाजचे काय? दोष त्यांचा नव्हे. ‘हात कोपरापर्यंत धुवावेत’ हे वाक्य माझे होते. सूरह माइदाच्या ६ व्या आयतीतील ‘इला’ या शब्दावरही फुकहांनी हीच चर्चा केली आहे. इमाम जुफर यांनी कोपर त्यातून वगळले. चारही इमामांनी धरले. आम्ही ‘कोपरासह’ असे लिहिले.

दुसऱ्या फेरीत एकाच्या नखांवर रंगाचा थर दिसला. पाणी अडविणारा थर आधी काढावा, ही ओळ वाढली.

‘मसह’ हा शब्द मात्र अजून अडतो. परवाच एकाने डोक्यावर तांब्याभर पाणी ओतले.