आधी कुणी वापरला होता?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. बहुतेक भाग तेव्हाच्या औरंगाबादमधून आला, परतूर परभणीतून. ही तारीख स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करण्यापुरती वाटते, पण जिल्ह्याच्या शेतीचा नि पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला ती लवकरच आडवी येते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने जिल्हानिहाय शेतीची जी दीर्घ मालिका तयार केली, तिच्या एका आवृत्तीत सगळे जिल्हे १९६६ च्या हद्दींत बसवले आहेत. तिथे जालना शोधून सापडत नाही. त्याची ज्वारी, त्याचा कापूस मूळ जिल्ह्यांच्या खात्यात जमा असतो.

मालिका आधी वापरलेल्यांचे शोधनिबंध उघडले, तर ही गोष्ट पद्धतीच्या भागात कळते. डेटासेटचे नुसते नाव वाचून ती कळत नाही.

मराठवाड्याच्या पाण्यावर प्रबंध लिहू पाहणारे तरुण प्रस्तुत लेखकाला भेटत असतात. त्यांच्यातल्या एकाचा अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. जालन्याचे भूजल हा त्याचा विषय. त्याने ग्रेस या जोडउपग्रहांची माहिती निवडली होती: फुकट, सलग, नकाशे देखणे. २००२ ते २०१७ या काळात हे दोन उपग्रह एकमेकांमधल्या अंतरातला अतिसूक्ष्म फरक मोजत होते आणि त्यावरून जमिनीवरच्या व जमिनीखालच्या एकूण पाण्याचा चढउतार काढता येत होता. २०१८ पासून त्यांची पुढची जोडी काम करते आहे. विद्यार्थ्याचे आलेख तयार झाले, प्रकरणे लिहून झाली, आणि मग परीक्षकाने विचारले, ‘यातला जालन्याचा भाग किती?’ उत्तर नव्हते. ग्रेसला साधारण तीनशे किलोमीटरहून लहान प्रदेश वेगळा ओळखता येत नाही. त्या आलेखात बीड होते, परभणी होते, बुलढाणा होते, आणि त्यांच्यात मिसळलेले जालना.

हे आधी कळले असते का? नक्कीच. ग्रेसचा भारतातला सर्वांत गाजलेला वापर म्हणजे मॅट रोडेल आणि सहकाऱ्यांचा २००९ चा ‘नेचर’मधला निबंध. राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्लीच्या पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे त्यांनी दाखवले. त्यांचा अभ्यासप्रदेश सुमारे ४ लाख ३८ हजार चौरस किलोमीटरचा. जालना साडेसात हजारांच्या थोडे वर. त्या पट्ट्यात पन्नासहून अधिक जालने मावतील. आधीच्या वापराचा आकार आणि आपल्या प्रश्नाचा आकार शेजारी ठेवून पाहिले असते, तर त्या विद्यार्थ्याचे वर्ष वाचले असते.

त्यात जालन्याचा खडक बेसाल्टचा. पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या सांध्या-भेगांत साठते, त्यामुळे एका विहिरीला पाणी नि शेजारची कोरडी, हे इथे नवे नाही. असा प्रश्न असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींकडे वळावे. त्यांच्या पातळ्या वर्षातून ठरावीक महिन्यांत घेतल्या जातात. ही मालिका दिसायला रूक्ष आहे, पण ती याच मातीतली आहे.

पावसाचेही तेच. भारतीय हवामान विभागाची पाव अंशाच्या जाळीची मालिका १९०१ पासून आहे. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यामागे ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी होत्या. मात्र रोज या सगळ्या केंद्रांची नोंद मिळते असे नाही. देशाच्या मोसमी पावसाचा शतकभराचा कल पाहणाऱ्यांनी ती भरपूर वापरली, ते योग्यच. पण तिचा एक चौकोन सातशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे सगळा जालना जिल्हा दहा-बारा चौकोनांत संपतो. मंठा तालुक्यातल्या एखाद्या महसूल मंडळात सोयाबीन का गेले, हे त्यातून कसे दिसणार? त्यासाठी मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांची नोंद हवी. ती मात्र अलीकडच्या काळातलीच मिळते. राज्य सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद मांडला. त्यात मंडळाचा पाऊस, मातीचे व जमीनवापराचे नकाशे आणि उतार एकत्र आणले. जालन्यात काम करणाऱ्याने पहिल्यांदा हे साहित्य वाचावे. कोणती माहिती कशाला जोडायची, हे तिथे करून दाखवलेले आहे.

शोध कसा घ्यायचा? डेटासेटच्या नावाने सुरुवात करू नये, प्रश्नाने करावी: बेसाल्ट, कोरडवाहू, विहीर, गाव. मग निबंधाचा निष्कर्ष बाजूला ठेवून पद्धतीचा भाग आणि मर्यादांचा परिच्छेद वाचावा. जालन्यावर काही सापडले नाही तर विदर्भाकडे, तेलंगणातल्या तशाच खडकाकडे जावे. जालन्यातल्याच कडवंचीसारख्या अनेकांनी अभ्यासलेल्या पाणलोटाचे अहवाल विशेष मोलाचे, कारण तिथे उपग्रहाचा आकडा आणि शेततळ्यातले पाणी ताडून पाहता येते. नासाचे पाऊस नि वातावरणाचे माहितीभांडार आता डेटासेटच्या पानावरच तो वापरलेल्या निबंधांची यादी देते. ती सोय जरूर वापरावी. मात्र यादी लांब आहे म्हणून डेटासेट आपल्याला चालेल असे नाही. पन्नास जणांनी तो सबंध देशासाठी वापरला असेल आणि आपल्याला एक ओढा मोजायचा असेल, तर ती लांबी उपयोगाची नाही.

अशी यादी अपुरीही राहते, आणि त्याचे एक कारण आपल्याच प्रबंधांत आहे. ‘उपग्रहीय माहिती वापरली’ एवढेच लिहून विद्यार्थी पुढे जातात. त्याऐवजी डेटासेटचे पूर्ण नाव, आवृत्ती, उतरवून घेतल्याची तारीख, असेल तर त्याचा डीओआय क्रमांक, कोणता तालुका, कोणती वर्षे, आणि तो कुठे फसला, हे लिहावे. फसल्याची नोंद तर सर्वांत आधी लिहावी. भोकरदन तालुक्याच्या पुढच्या अभ्यासकाला बहुधा तीच सर्वांत आधी हवी असेल.