खुर्चीचे पैसे, बैठकीचा पास

आमच्या ह्यांचं म्हणणं, "झालं गेलं, आता किती दिवस उगाळणार?" त्यांना बोलायला काय जातंय, ते पुण्याच्या 'सवाई गंधर्व' महोत्सवाला आलेच नव्हते. डिसेंबर जवळ आला की माझं डोकं पुन्हा तापतं. आमच्या मिरज-सांगलीकडून दरवर्षी लोक गटागटाने पुण्याला निघतात आणि प्रत्येक गटात 'सगळं मी बघतो' म्हणणारे एक भाऊजी असतातच. त्या गटांतल्या बायकांनी तरी हे वाचावं.

आमचे भाऊजी ह्यांच्या ऑफिसातले जुने सहकारी. मुलगा पुण्यात, त्यामुळे पास, उतरायची जागा, गाडी, सगळा कारभार त्यांच्याकडे. मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वच्छ लिहिलं होतं, 'गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही, मला खुर्चीचाच सीझन पास काढा.' त्यांचा अंगठा आला. खुर्चीच्या दराचे पूर्ण पैसे मी लगेच पाठवले. तो संदेश अजून फोनमध्ये आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन.

पास मात्र हातात दिले नाहीत. "माझ्याजवळ असू देत वहिनी, तुम्ही कुठे सांभाळत बसणार!" मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानाशी पोचल्यावर त्यांनी खिशातून काढून एकेकाच्या हातात कोंबले, आणि "चला चला, सुरू होतंय" करत स्वतः पुढे गेले. आत सनई लागली होती. मी खुर्च्यांच्या दाराशी पास दाखवला. तिथली स्वयंसेवक मुलगी अगदी अदबीने म्हणाली, "काकू, हा भारतीय बैठकीचा आहे. तुमचं गेट पलीकडे."

मला वाटलं, पासांची अदलाबदल झाली असेल. मागे वळून भाऊजींना शोधते, तर ते त्याच दारातून आत पोचलेसुद्धा होते. सोबत व्याही आणि विहीणबाई. आमच्या गटात ही दोन माणसं कधी आली हे कुणालाच माहीत नव्हतं. दाराच्या फटीतून मला स्पष्ट दिसलं, विहीणबाई खुर्चीवर शाल पसरत होत्या. त्या क्षणी लख्ख उजेड पडला. गुडघा माझा, पैसे माझे आणि खुर्ची त्यांची.

मध्यंतरात गाठलं. वाटलं होतं निदान ओशाळतील. तर चहाचा घोट घेत म्हणतात, "अहो वहिनी, सवाईची खरी मजा बैठकीतच! खुर्चीत बसून का गाणं ऐकतात?" वर आणखी, "रसिक माणसं अशी जागेवरून कुरकुर करत नाहीत."

मिरजेच्या बाईला हे बैठकीची मजा शिकवणार! अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाईंचे शिष्य भीमसेनजी, ज्यांनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू केला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मृतीत दरवर्षी गाणं होतं, तिकीटबिकीट काही नाही, आणि तिथे मी परकरात असल्यापासून जमिनीवर बसत आले आहे. पूर्वीच्या, रमणबागेतल्या सवाईच्या रात्री मी सतरंजीवर, थर्मास आणि गोधडी घेऊन जागवल्यात. पहाटे भीमसेनजी बसायचे तोवर कुणाचे पाय दुखल्याचं ऐकलं नाही. बैठकीशी माझं वैर नाही हो. माझं भांडण हिशोबाशी आहे.

तेव्हा पहिली गोष्ट. पास स्वतः काढा. आता ऑनलाइन मिळतात, पुण्यात मुलगा असायची गरज नाही. दुसऱ्याने काढला तर त्याच संध्याकाळी फोटो मागवा आणि त्यावर प्रकार काय छापलाय तो वाचा. बैठक आणि खुर्ची यांच्या दरात कित्येक पटींचा फरक असतो, आणि नेमका तोच फरक 'नंतर बघू' म्हणत राहून जातो. पैसे पाठवताना कशासाठी हे तिथेच लिहा. नातं बिघडेल अशी भीती वाटत असेल, तर सांगते, नंतर याहून जास्त बिघडतं.

दुसऱ्या दिवशी मी पदरच्या पैशाने खुर्चीचं रोजचं तिकीट काढायला गेले. मधल्या वाराचं मिळालं, शनिवारचं संपलेलं. शनिवार-रविवारची तिकिटं आधी उडतात, हे ध्यानात ठेवा.

बैठकीतच बसायचं असेल तर जाड उशी न्या, पातळ आसन दोन तासांत जमिनीला मिळतं. पाठ टेकायला मंडपाच्या कडेचा खांब पकडायचा तर दार उघडताच आत शिरावं लागतं. तिथे नेहमीचे लोक बसतात आणि ते हलत नाहीत. चादर पसरून दहा जणांची जागा अडवणारे असतातच. त्यांच्याशी भांडू नका, सरळ स्वयंसेवकाला बोलवा. दुपारी मंडपात उकडतं आणि रात्री आठनंतर पुण्याची थंडी खालून चढते, म्हणून सुती कपडे, वर स्वेटर, आणि कानाला काहीतरी. पाणी प्या, वेळेवर खा, वगैरे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालेना. रात्रभराचा महोत्सव दुपारवर आला. मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित त्यांच्या वेळेला तिथे ऐकणं आता कठीण. उलट भीमपलास, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग, जे रात्रीच्या मैफलीत कधी वाट्याला येत नसत, ते आता ऐन वेळेवर मिळतात. सुरुवातीला बहुधा तरुण कलाकार असतात, त्यांना मंडप अर्धा रिकामा मिळतो आणि ते जीव तोडून गातात. आमचे भाऊजी म्हणायचे, "मोठी नावं सातनंतरच, आधी जाऊन काय करायचं?" या माणसाचं ऐकून गटातल्या निम्म्या लोकांनी दुपारचं चांगलं गाणं घालवलं. पहिल्या दिवशी गेटवरच्या घोळात माझंही गेलं, ते वेगळंच.

सकाळच्या वेळेचंही तसंच. गणेशखिंड रस्त्यावरच्या सवाई गंधर्व स्मारकात महोत्सवाच्या दिवसांत 'षड्ज' या कार्यक्रमात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, कलाकारांच्या मुलाखती होतात. भाऊजींनी आम्हाला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. "सकाळी तुळशीबाग करा" म्हणाले. तुळशीबाग काय, वर्षभर आहे.

शनिवारची रात्र मी विसरणार नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते, त्यातला तो एक. गाणं ऐन रंगात आलेलं, खुर्ची नव्हती म्हणून मी कडेच्या खांबाजवळ कशीबशी पाय लांब करून बसलेली. उठून बघते तर आमची गाडी नाही. विहीणबाईंना थंडी वाजली म्हणून भाऊजी साडेदहालाच सगळ्यांना गोळा करून गेले. 'सगळ्यांना' म्हणजे जे खुर्च्यांजवळ सापडले त्यांना. फोन लावला तर मंडपात रेंज नाही. आमचा मुक्काम कात्रजच्याही पुढे, कारण तिथे 'स्वस्तात जमलं'. रस्त्यावर शेकडो माणसं एकदम रिक्षा शोधत होती, आणि रिक्षावाले मीटरचं नावही काढत नव्हते. शेवटी मंडपात शेजारी बसलेल्या नाशिकच्या दोघींनी त्यांच्या रिक्षात घेतलं, आधी मला सोडलं आणि मग त्या स्वारगेटला परत आल्या. ओळख ना पाळख. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाण्यात रंगला होता, म्हटलं कशाला उठवा."

म्हणून मुक्काम स्वारगेट, मुकुंदनगर, सातारा रस्ता या टापूतच बघा, खोली लहान का असेना. चालत परतता आलं पाहिजे. मेट्रोची आणि बसची शेवटची वेळ दुपारीच पाहून ठेवा. गटात असाल तर भेटायची जागा ठरवा, फोनच्या भरवशावर राहू नका. आणि परतीचं रेल्वेचं तिकीट स्वतःच्या नावावर, स्वतःच्या फोनमध्ये. आमच्या गटाचं परतीचं आरक्षण रविवारी संध्याकाळचं निघालं. समारोपाचं किराणा घराण्याचं गाणं आणि त्यानंतर लावतात ती सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका, हे दोन्ही सोडून आम्ही पुणे स्टेशनावर बसलो होतो. मी भांडले तेव्हा "सोमवारी ऑफिस असतं लोकांना" हे उत्तर मिळालं. गटात सगळे निवृत्त.

फरकाचे पैसे अजून आलेले नाहीत. एकदा विचारलं, तर "तुम्ही घरच्याच" म्हणाले. यंदा मी खुर्चीचा पास स्वतः काढणार आहे, एकटीचा. ह्यांनी विचारलं, "भाऊजींना कळवू का?" मी म्हटलं, कळवा की, आणि त्याबरोबर माझा यूपीआय क्रमांकही कळवा.