तरुणांचा गाऊट : सांध्याचे चित्र काय सांगते



लागण, खताचे हप्ते, पाचट हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात जरा निराळे लिहीत आहोत. पंचविशी-तिशीचा पोरगा रात्री कळ येऊन जागा होतो. पायाचा अंगठा लालभडक, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. घरचे म्हणतात, बांधावर ठेच लागली असेल. आठ-दहा दिवसांत दुखणे आपोआप उतरते, विषय मिटतो. गाऊट हा उतारवयाचा रोग अशी समजूत असल्याने तो कुणाच्या मनात येत नाही.

कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर, पॅनमध्ये पाक मर्यादेपलीकडे घट्ट झाला की दाणा धरतो. तसेच रक्तातले युरिक ॲसिड १०० मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस राहिले की सांध्यात सुईसारखे स्फटिक धरू शकतात.

मग रक्त तपासले की झाले? तसे नाही. ऐन दुखण्यात प्रमाण नॉर्मल येऊ शकते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. उलट, प्रमाण वाढूनही पुष्कळांना गाऊट होत नाही. सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे सांध्यातले पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे. अंगात ताप असेल तर यात चालढकल नको, कारण सांध्यात पू झाला असेल तर तो सांधा कायमचा जातो. पण लहान सांध्यातून पाणी काढणे सगळीकडे जमत नाही. तेथे चित्र कामाला येते.

आपली माणसे आधी एक्स-रे मागतात. सुरुवातीला तो बहुधा स्वच्छच येतो. कुरतडलेले हाड दिसते ते काही वर्षे गेल्यावर. सोनोग्राफी यापेक्षा लवकर बोलते. कूर्चेवर स्फटिकांचा थर बसला असेल तर हाडाच्या पांढऱ्या रेषेवर तशीच दुसरी रेषा दिसते. यात क्ष-किरण नाहीत, म्हणून तरुणांना ती बरी. मात्र पाहणाऱ्याचा डोळा तयार हवा. ड्युअल एनर्जी सीटी हे भारी यंत्र दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी युरेट आणि कॅल्शियम वेगळे ओळखते, युरेटला रंग देऊन दाखवते. पण पहिल्याच दुखण्यात साठा थोडा असला तर त्यालाही तो सापडत नाही. खर्च पाहता आधी सोनोग्राफी, असे आमचे मत.

तरुणपणी गाऊट निघाला तर मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. घराण्यात कुणाला होता का, तेही डॉक्टरांना सांगावे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचवले की, चाळिशीच्या आत निदान झाल्यास युरिक ॲसिड उतरवणारे औषध लवकर सुरू करावे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिणे अवघड, पण खरे आहे : साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढते. बाटलीतली गोड पेये व बिअर या रोग्याने सोडावी.

आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नयेत. मूत्रपिंड आधीच अधू असेल तर त्याच गोळ्या ते आणखी बिघडवतात.