गाईचे गवत

गवत आपणांस पचत नाही, गाईस पचते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्म जंतू त्याचे तंतू फोडितात. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनमुळे तिचे लोणी पिवळसर होते, व त्यापासूनच आपले शरीर डोळ्यांस लागणारे अ जीवनसत्त्व तयार करते. (म्हैस ते आधीच करून टाकते, म्हणून तिचे लोणी पांढरे.)

परंतु मोकाट चराईने डोंगर उघडे पडतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी केली. लोक गवत कापून गोठ्यात आणू लागले. मुळांनी माती धरली, पाणी मुरले आणि दूध वाढले.

गुरांना बंदी, मग दूध कसे वाढले? रविवारच्या शाळेत मुले आम्हांस हेच विचारतात. शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये. कुंपणाच्या आतले गवत व बाहेरची माती, दोन्ही त्यांना दाखवावी.