जुन्या शिष्यांची भेट
लुस्त्र येथे लोकांनी पौलास दगडमार करून, मेला असे समजून, नगराबाहेर ओढून टाकिले. तरी परतीच्या वाटेवर तो बर्णबासह त्याच नगरांत पुन्हा शिरला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४). तेथील शिष्य नवखे होते, त्यांस धीर हवा होता. पुढील खेपेस तीमथ्य हा तरुण त्यास तेथेच मिळाला.

आमच्या शब्बाथशाळेतील कित्येक मुले आज नवी मुंबईत वाशी, नेरूळकडे संसारांत गुंतली आहेत. भेटीस गेल्यावर वचने पाठ आहेत काय, हे आम्ही विचारीत नाही. नोकरी टिकली काय, घरी कोणी आजारी आहे काय, हे विचारितो. एकाने उपासनेस येणे सोडिले आहे. नाताळाच्या सुटीत प्रथम त्याच्याकडे जाणार आहों; खरे सांगावयाचे तर हीच भेट अवघड. सोबत त्याचा वर्गबंधु नेऊ. थेस्सलनीकाच्या मंडळीचा समाचार घेण्यास पौलानेही अथेनैहून तीमथ्यासच धाडिले होते.