कर्जाचे ओझे आणि ईदचा आनंद

ईद जवळ आली की मुलांचे लक्ष नव्या कपड्यांकडे लागते आणि घरातील कर्त्याचे कर्जाच्या हप्त्याकडे. अशा वेळी आपण काय करावे?

खर्च करताना उधळपट्टी नको आणि कंजूषीही नको, असा मध्यम मार्ग पवित्र कुरआनने (25:67) दाखविला आहे. म्हणून मुलांचा आनंद हिरावून घेऊ नये. परंतु त्यासाठी नवी उसनवारीही करू नये. ईदला स्नान करून, असलेल्या कपड्यांपैकी चांगले कपडे घालावेत. ते नवे असलेच पाहिजेत असे नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कारण विचारले असता त्यांनी सांगितले, की कर्जबाजारी मनुष्य खोटे बोलू लागतो आणि वचन मोडतो. कर्जाने खरी हानी होते ती सचोटीची.

तेव्हा प्रथम हप्ता बाजूला काढा. उरलेल्यातून दरमहा थोडेथोडे ईदसाठी साठवा. हप्ता जमणारच नसेल तर मुदतीपूर्वी धनकोला खरी स्थिती सांगा. अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची शिकवण कुरआनने (2:280) त्यालाही दिली आहे. मात्र सवड मागून खरेदीला निघणे ही फसवणूक होय.

शिरखुर्म्यात सुकामेवा थोडा कमी पडला तरी चालेल; दिलेला शब्द पाळलाच पाहिजे.